दत्तक बाप

एकट्यात असताना या माणसाने कुणाला पाण्याचा ग्लास दिलेला मी कधी पाहिला नाही. चार माणसं जमली आणि त्यातल्या एकाच्या हातात मोबाईल असला, की मात्र त्याचं काळीज असं काही उमलायचं की विचारू नका. घाटंजीच्या बसस्टँडबाहेर एक म्हातारी बसायची. तिच्यासमोरून हा रोज गाडीतून जायचा, काच कधी खाली झाली नाही. एक दिवस गाडीत पत्रकार होता. लगेच गाडी थांबली, हा उतरला आणि त्याने म्हातारीच्या अंगावर ब्लँकेट पांघरलं. मे महिन्यात! म्हातारी बिचारी घामाने न्हायली, पण फोटो नीट येईपर्यंत गप बसून राहिली.

गाव त्याला भाऊ म्हणायचं. त्याच्या पैशावर शिकणाऱ्या आम्ही पाच-सहा मुली त्याला बॅनरभाऊ म्हणायचो, अर्थात माघारी. तोंडावर अहो-जाहो आणि माघारी अरे-तुरे अशी आमची पद्धत होती, आणि ती मी इथेही पाळणार आहे. त्याचं कापसाचं जिनिंग होतं, शेती होती, बियाण्याचं दुकान होतं. वाढदिवस आला की घाटंजीत शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर त्याचा हसरा चेहरा लागायचा. त्या चेहऱ्याच्या खाली, रेशनकार्डावर असतात तेवढ्या आकाराचे आमचे फोटो. वर लिहिलेलं, ‘लेकींचा आधारवड’. पहिल्या वर्षी माझा फोटो त्याच्या शर्टाच्या बटणावर आला होता.

मी कोलाम आदिवासींच्या पोडावरची. पोड म्हणजे आमची वस्ती, घाटंजीपासून आत, जिथे एसटी मनात असेल तर येते. आमच्या पोडावर बारावी झालेली मी पहिली मुलगी. पुढे यवतमाळला बी.एस्सी.ला नाव घातलं. सरकारी शिष्यवृत्ती होती, नाही असं नाही. पण ती वर्ष सरल्यावर उगवायची आणि खानावळवाली बाई काही तोवर जेवण वाढून थांबत नाही. वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. खोलीभाडं, जेवण, पुस्तकं, एसटीचा पास, या एवढ्याशा गोष्टींवर आमच्यासारख्यांच्या पदव्या अडतात. त्या गोष्टी भाऊ देत होता. हे खरं आहे आणि ते मी कधी नाकारलं नाही. मला त्याचा राग यायचा तो देण्याचा नाही, देताना तो जे काही करायचा त्याचा.

त्याच्या योजनेला तो ‘दत्तक’ म्हणायचा. साधं ‘मदत’ म्हटलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं? पण नाही. वाढदिवसाच्या दिवशी मंगल कार्यालयात स्टेज घालायचं, आम्हाला एका रंगाच्या साड्या नेसवायच्या, आम्ही रांगेने त्याला ओवाळायचं, आणि मग याने माईक हातात घेऊन प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून गरजायचं, “आजपासून ही माझी लेक! हिचा बाप मी!” खरे बाप समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले असायचे. त्यांच्याकडे कुणी बघत नसे. टाळ्या पडायच्या, आणि भाऊ हात जोडून म्हणायचा, “मी काहीच करत नाही हो, करणारा वरचा आहे. माझं फक्त नाव येतं.” हे वाक्य तो दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी ते आत्ताच सुचल्यासारखा थांबायचा.

माझी ओळख करून देताना तर त्याला ऊत यायचा. “ही पोरगी जंगलातून आलेली आहे. हिच्या घरी दिवा नाही, ताटात अन्न नाही!” लोक च्‌ च्‌ करायचे. पहिल्या वर्षी माझे बाबाही समोर बसून ते ऐकत होते. बाबा बांबूच्या टोपल्या, सुपं विणतात, थोडी शेतीही आहे. घरी पोचल्यावर त्यांनी वर बल्बाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “आपल्या घरी दिवा नाही म्हन्ते तो. मंग आपल्याले बिल कायचं येते?”

याहून वाईट म्हणजे, गरिबाचा बाप दारू पिणारच, असं भाऊने कधीच ठरवून टाकलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्याने माझ्या बाबांना मिठी मारली, अर्थात फोटोवाल्याला आवाज देऊन, आणि म्हणाला, “दारू सोडा बरं आता. पोरगी शिकून राह्यली.” माझ्या बाबांनी आयुष्यात कधी दारूला हात लावलेला नाही. पोडावर मोहाची फुलं पसरलेली असतात तरी नाही. पण समोरच्याला खोटं पाडायचं कसं म्हणून ते भिडेपोटी “बरं” म्हणाले. मी एसटीत रागाने रडले. बाबा मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्हनू दे वं. कोनाले काही शिकवलं नाही तं त्याले जेवन जात नसन.”

दुसऱ्या वर्षी ‘मनोगत’ माझ्याकडे आलं. मनोगत म्हणजे दरवर्षी एका मुलीने माईकवर आपलं दुःख सांगायचं आणि भाऊने रुमाल काढायचा. मी ठरवलं होतं, आज खरं बोलायचं, मग शिक्षण सुटलं तरी चालेल. माझी खोलीतली मैत्रीण रेखा माझ्या मागे लागली होती, “नको करू माय, तुह्या एकटीच्या तोंडापायी आपण सगळ्याच घरी जाऊ.” रेखा आर्णीची. वडील नाहीत, आई बाजारात मिरच्या विकायची. ती माझ्याहून हुशार होती. रसायनशास्त्राचं जे मला रात्रभर घोकून येत नसे ते तिला भाजी निवडता निवडता यायचं. तिचं ऐकायला हवं होतं, पण मी कुणाची ऐकते! माईकवर गेले आणि सरळ सांगितलं, “आमच्या घरी वीज आहे. आम्ही दोन वेळा जेवतो. माझे बाबा दारू पीत नाहीत, कधीच पीत नव्हते. मला फक्त यवतमाळात राहायचा खर्च झेपत नाही.” रेखाने पदरात तोंड लपवलं.

आणि भाऊ? तो स्टेजवर फोनवर बोलत होता. माझं बोलणं संपलं तसा त्याने फोन खिशात घातला, रुमाल काढला, डोळे पुसले आणि माईक घेऊन म्हणाला, “पाहा! काय वेदना आहे या पोरीच्या आवाजात!” मंगल कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. जेवणाच्या पंगतीत रेखा जी हसायला लागली ती थांबेना. मला मात्र हसू आलं नाही. ज्या गोष्टीसाठी मी सगळं पणाला लावलं होतं, ती त्या माणसाच्या कानावरही पडली नव्हती.

पण आता सांगते ती गंमत खरी. भाऊच्या योजनेतलं एकही अक्षर कुणी मनावर घेत नव्हतं, खुद्द भाऊसुद्धा नाही. आमच्या पोडाने मात्र घेतलं. आमच्यात चारचौघांसमोर बोललेला शब्द म्हणजे शब्द. तो कागदावर लागत नाही आणि मागे घेता येत नाही. ‘हिचा बाप मी’ असं त्याने शे-दोनशे माणसांसमोर म्हटलं, म्हणजे तो झाला. संपला विषय. बाबांनी परत आल्यावर चावडीवर नाईकांना, म्हणजे आमच्या पोडाच्या प्रमुखांना, तसं रीतसर सांगितलं होतं. मला हे माहीतही नव्हतं.

ते कळलं दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात, राळेगावकडचं एक स्थळ मला सांगून आलं तेव्हा. मुलगा चांगला होता, शेत होतं, आणि त्यांना घाई होती. पोडावर सगळ्यांचं मत पडलं की मुलगी झाली की मोठी, आता कशाला थांबायचं. मी आईशी भांडले, रडले, जेवण सोडलं. एक वर्ष राहिलं होतं पदवीला, फक्त एक! लग्न झालं की सासरी कोण यवतमाळला पाठवणार होतं मला? चावडीवर बैठक बसली. बाबा बोलायला उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, मी एकटा काय सांगू, पोरीला आता दुसराही बाप आहे, त्याला विचारल्याशिवाय होकार देणं बरं दिसत नाही. नाईकांनी मान हलवली. पाहुण्यांनीही हलवली. आणि दुसऱ्या दिवशी भाऊला निरोप गेला की पोडावर या, तुमची गरज आहे.

भाऊ आला! सफारी घालून, अत्तर लावून, फोटोवाल्याला घेऊन आला. आदिवासी बांधव आपला सत्कार करणार अशी त्याची पक्की समजूत होती. चावडीत त्याला बाजेवर बसवलं तेव्हा तो इकडेतिकडे माईक शोधत होता. नाईक समोर जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं, “तुमी ह्या पोरीचे बाप झाले म्हन्ते. खरं काय?”

“म्हणजे काय! अर्थातच!” भाऊ छाती काढून म्हणाला.

“मंग हिचं लग्न कराचं का शिकवाचं ते तुमी सांगा. तुमी सांगान ते आमाले मंजूर.”

भाऊचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझं नाव आठवत नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. तो आम्हा सगळ्यांना ‘बेटा’ म्हणायचा ते त्यासाठीच. मग त्याने सभोवार बसलेल्या पोडाकडे पाहिलं, आणि मग फोटोवाल्याकडे. फोटोवाल्याने मोबाईल वर धरलेला होता. तेवढं पुरे झालं. भाऊ उठून उभा राहिला, एक हात वर केला आणि म्हणाला, “माझी लेक आधी पदवीधर होईल! मग तिचं लग्न!” आणि टाळ्यांसाठी थांबला.

आमच्यात टाळ्या वाजवत नाहीत. नाईकांनी फक्त विचारलं, “मंग शिकेपर्यंत तुमी पाहान?” भाऊ म्हणाला, “हो हो, पाहीन ना.” झालं. पाहुणे उठले, कुणी वाईट वाटून घेतलं नाही, आणि भाऊला पानावर जेवण वाढलं. माझ्या आयुष्याचा निकाल लागला होता आणि तो लावणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. गाडीत बसताना त्याने फोटोवाल्याला हळूच विचारलं, “टाळ्या काहून नाही वाजवल्या बे यायनं?”

तिसऱ्या वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक आली आणि भाऊला तिकीट मिळालं. त्याच्या चमच्यांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर असा काही चढवला की तो खाली बघायचंच विसरला. प्रचाराच्या गाडीवर आमचे फोटो लागले. रेखाला आणि मला कॉलेज बुडवून सभांना नेलं, ओवाळायला लावलं. आणि भाऊ पडला, तोही चांगला दणकून. निकालानंतर आठवडाभरात त्याचा मुनीम यवतमाळला आला आणि खोलीच्या दारातच उभा राहून म्हणाला की भाऊने योजना बंद केली, पुढचं तुमचं तुम्ही बघा. कारण काय, तर भाऊ म्हणाले, “ज्याईच्या पोट्ट्या शिकवल्या, त्याईच्याच घरच्यायनं मत नाही देल्लं.” परीक्षा तोंडावर आली होती. ज्या माणसाने आम्हाला शंभरदा लेक म्हटलं, त्याने मतं मोजली आणि आमच्या तोंडाला पानं पुसली. मला इतकी किळस आली की त्या दिवशी मी त्याने दिलेली शाल मोरीत पाय पुसायला टाकली.

रेखा गेली. आर्णीला एका कापडदुकानात बाई पाहिजे होती. तिने ट्रंक भरली, पुस्तकं माझ्यासाठी ठेवली. मी म्हटलं, परीक्षेपुरती तरी थांब, काहीतरी करू. ती म्हणाली, “कायच्या भरवशावर थांबू? मायचे गुडघे गेले, तिच्यानं आता बाजारात बसनं होत नाही.” वर्गात सगळ्यात हुशार पोरगी दुपारच्या एसटीने निघून गेली, आणि कॉलेजात कुणाला काही फरक पडला नाही.

मीही पोडावर परत आले. बाबांना सांगितलं की संपलं सगळं, भाऊ निवडणूक हरला आणि त्याने पाठ फिरवली. मला वाटलं होतं बाबा निदान एक शिवी हासडतील. ते म्हणाले, “हरला? मंग तू भेटाले गेली होती का त्याले?”

“मी? कायले?”

“आपला मानूस हाये ना,” बाबा म्हणाले. “त्याच्या घरी वाईट झालं तं जा लागते.”

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले त्या माणसाबद्दल ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बाबा ऐकून न ऐकल्यासारखे उठले आणि नाईकांकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाईक, बाबा, आई, आणखी सात-आठ माणसं आणि धुसफुसत मी, असे आम्ही घाटंजीला भाऊच्या बंगल्यावर गेलो. बाबांनी नवीन टोपली विणली होती, तिच्यात बोरं होती. एरवी ज्या पोर्चमध्ये चमच्यांमुळे पाय ठेवायला जागा नसायची तिथे रिकाम्या खुर्च्या होत्या. आमची माणसं खुर्च्यांवर बसली नाहीत, फरशीवर बसली. भाऊ बनियनवर बाहेर आला. दाढी वाढलेली. “काय पाह्यजे?” तो खेकसला. “पैसे नाही आता माह्यापाशी.”

“काही नाही पाह्यजे,” नाईक म्हणाले. “तुमी हरले म्हून बसाले आलो.”

आणि ते बसले. आमच्यात दुःखाच्या घरी गेलं की बोलत नाहीत, नुसतं बसतात. भाऊ आधी उभा राहिला, मग पायरीवर टेकला, मग रडायला लागला. स्टेजवर रुमाल लावायचा तसं नाही; नाक गळत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, लहान पोरासारखा हमसत होता. त्याची बायको चहा घेऊन आली ती दारातच थबकली. एक शब्द निघाला नाही माझ्या फीचा, खोलीचा, परीक्षेचा. मी खांबाला टेकून उभी होते आणि मला त्याची दया येत होती, आणि दया येतेय म्हणून स्वतःचाच संताप येत होता. निघताना त्याने मला विचारलं, “परीक्षा कधी आहे तुही?” तीन वर्षांत त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

माझी खानावळ आणि खोली पुन्हा सुरू झाली. तेव्हा मी हिंमत करून जिनिंगवर गेले आणि म्हटलं, भाऊ, माझं केलंत तसं रेखाचंही करा. तो हिशेब बघत होता. मान वर न करता म्हणाला, “कोन रेखा?”

तीन वर्षं जिने त्याला ओवाळलं, जिचा चेहरा घाटंजीच्या चौकाचौकात याच्या चेहऱ्याखाली लटकला, ती रेखा! मी सांगितलं तेव्हा म्हणतो कसा, “एवढ्या साऱ्या पोट्ट्याईचे नाव कोन ध्यानात ठेवते? तुह्या पोडाचे लोकं आले माह्या घरी. तिच्या घरचं कोन आलं?” आता गुडघे गेलेली, मिरच्या विकणारी बाई आर्णीहून याच्या पराभवाचं सांत्वन करायला यायला हवी होती! मी तिथून न बोलता निघाले, कारण बोलले असते तर माझीही पदवी गेली असती, आणि चावडीवर बाबांनी जे राखलं होतं ते मला असं उधळायचं नव्हतं.

मी पास झाले. आमच्या पोडावरची पहिली पदवीधर. पुढे बी.एड. केलं, आता राळेगाव तालुक्यात आश्रमशाळेवर विज्ञान शिकवते. भाऊ ही गोष्ट जिथे तिथे सांगायचा. रस्त्यात भेटला की सोबतच्या माणसाला म्हणायचा, “ही माझी लेक. हिच्या घरी दिवा नव्हता.” मी मास्तरीण झाले तरी आमच्या घरचा दिवा काही त्याने लावू दिला नाही. पोळ्याला आणि दिवाळीला बाबा न चुकता त्याला भेटून यायचे. मी जात नसे.

मागच्या वर्षी तो गेला. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. त्याच मंगल कार्यालयात शोकसभा ठेवली आणि मला निरोप आला की मानसकन्या म्हणून दोन शब्द बोला. मी जाणार नव्हते. बाबा म्हणाले, “बापाच्या मरनाले पोरगी नाही, असं कुठं राह्यते का?” गेले. भाषणं झाली. कुणी त्याला दानशूर म्हटलं, कुणी सागर म्हटलं. समोर त्याचा मुलगा बसला होता. आता जिनिंग तोच बघतो. अबोल आहे, मान खाली घालून बसलेला असतो.

माझी पाळी आली. मी म्हटलं, “भाऊंनी आम्हा मुलींना दत्तक घेतलं, हे तुम्ही सगळ्यांनी याच ठिकाणी ऐकलं आहे. त्यातली मी एकटीच पदवीधर झाले. बाकीच्यांना भाऊंनी मध्येच सोडलं. आर्णीची रेखा आम्हा सगळ्यांत हुशार होती, ती आज कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालते. तिचं एक वर्ष राहिलं आहे.” खुर्च्यांमध्ये चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी मागून “बस करा” म्हणालं. मी मुलाकडे वळले. “दादा, बाप गेला की जमीन लेकाकडे येते, जिनिंग येतं, आणि बहिणीही येतात. भाऊंनी चारचौघांत बाप म्हटलं आहे. आता आमचं तुम्ही काय करता ते सांगा.”

मागच्या रांगेतून आमचे नाईक काठी टेकत उठले आणि म्हणाले, “पोरगी बराबर बोलून राह्यली. शब्द देल्लेला हाये.” आणि उभेच राहिले. त्यांच्या शेजारी बाबा उठले. मग आमच्या पोडावरची सगळीच उठली. मुलगा लालबुंद झाला होता. तो माईकपर्यंतही आला नाही, जागेवरूनच कसाबसा म्हणाला, “करतो मी ताईंचं.”

मी बाहेर येऊन रेखाला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, “मेल्यावर तरी आयकलं म्हन त्यानं!” आणि तिने आता या वयात पोरींमध्ये बसायची लाज वाटते, मालक सुट्टी देणार नाही, सगळं विसरले, अशी शंभर कारणं सांगितली. मी तिची पुस्तकं अजून जपून ठेवली होती. ती घेऊन मी आर्णीला गेले आणि तिच्या काउंटरवर, साड्यांच्या ढिगावर ठेवून आले.

ती परत कॉलेजात गेली. वर्गातल्या पोरी तिला मावशी म्हणायच्या. भाऊच्या मुलाने शब्द पाळला. एकदा-दोनदा चालढकल केली, तेव्हा बाबा बाजाराच्या दिवशी त्याच्या जिनिंगवर जाऊन काही न बोलता बसून आले. या उन्हाळ्यात निकाल लागला. रेखा पहिल्या वर्गात आली.

पेढे घेऊन भाऊच्या घरी जायचं मी म्हटलं तर ती उसळली, “मी नाही येत त्या घरी. माहं नावही माहीत नव्हतं त्याले.” तरी माझ्या स्कूटीवर मागे बसली. फाटकापाशी मात्र तिथेच उभी राहिली, आत आली नाही. मी भाऊच्या बायकोच्या हातात पेढे दिले. तिने विचारलं कुणाचे, मी नाव सांगितलं. त्या बाईला रेखा आठवत होती. आर्णीची ना, बारीकशी, असं म्हणाली आणि फाटकाकडे बघत राहिली.

घाटंजीच्या बाहेर पडल्यावर मागून रेखा म्हणाली, “चांगला मानूस नव्हता तो.”

“नव्हताच,” मी म्हटलं.

“भल्ला खोटारडा होता.”

“होताच.”

थोड्या वेळाने माझ्या पाठीला ओलं लागलं. मी गाडी नांगरलेल्या एका शेतापाशी उभी केली, आणि त्या खोटारड्या माणसासाठी आम्ही दोघी भर उन्हात रडलो.